मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर साधा इसबगोल: घ्यावा, पण पाण्यासकट

ऑपरेशननंतरची पहिली शौच हीच खरी धास्ती. त्या भीतीने शौच दाबून धरली की आतडं मलातलं पाणी शोषतं, खडा होतो आणि ओल्या जखमेवर घासतो. ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही पोट घट्ट होतं. इथे इसबगोलाचा साधा भुसा उत्तम काम करतो. मल मऊ राहतो, आकारही धरतो.

घेण्याची पद्धत मात्र चुकवू नका. पेलाभर (साधारण २५० मिली) पाण्यात एक चमचा भुसा टाका, ढवळा आणि लगेच प्या. दोन-तीन मिनिटं ठेवलात तर खळीसारखा लगदा होतो, घशाखाली उतरत नाही. कोरडा तर कधीच फाकू नका, घशात अडकतो. वर आणखी एक पेला पाणी हवंच. पाणी कमी पडलं की हाच भुसा आतड्यात गच्च बसतो आणि लोक दोष इसबगोलाला देतात! इसबगोल आणि इतर औषधांत दोन तासांचं अंतर ठेवा.

गुण यायला १२ ते ७२ तास लागतात, त्यामुळे पहिल्या दिवसांत डॉक्टर लॅक्ट्युलोज हे मल मऊ करणारं औषधही देतात. ते बंद करू नका. इसबगोलाच्या संत्र्याच्या चवीच्या पुड्यांत बरेचदा साखर असते. मधुमेहींनी साधाच घ्यावा.

कुंथू नका, पाच मिनिटांत झालं नाही तर उठा. नंतर कोमट पाण्याच्या टबात १०-१५ मिनिटं बसा. तीन दिवस शौच नाही, ताप आला, लघवी अडली किंवा रक्ताच्या गाठी पडल्या, तर थेट सर्जनला फोन करा.