ब्योल्केची सही असलेलं कार्ड आणि माझे ४८० युरो

मी बर्लिनला राहतो, सहा वर्षं झाली. पहिल्या महायुद्धातली जर्मन मिलिटरी पोर्ट्रेट पोस्टकार्ड्स जमवतो. सुरुवात झाली व्युन्सडॉर्फला जाऊन आल्यावर. बर्लिनच्या दक्षिणेला हे गाव आहे, तिथे त्या युद्धात युद्धकैद्यांची छावणी होती, हाल्बमोंडलागर, तिथे आपले भारतीय सैनिकही ठेवले होते, आणि जवळच त्सेहरेन्सडॉर्फला २०६ भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे. त्या छावणीचीसुद्धा तेव्हा पोस्टकार्ड्स विकली जायची, तसलं एक मला रविवारच्या बाजारात सापडलं आणि मग नादच लागला. आज माझ्याकडे दोनशेच्या वर कार्ड्स आहेत. तरीही मी फसलो, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण आपल्यातले बरेच जण आता इथे असली जुनी कागदपत्रं, कार्ड्स, नाणी घ्यायला लागलेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. त्या काळात जर्मनीत लढाऊ वैमानिक म्हणजे आजचे क्रिकेटर समजा. बर्लिनच्या विली झांके नावाच्या प्रकाशकाने त्यांच्या फोटोंची नंबर टाकलेली पोस्टकार्ड्स काढली, लोक ती जमवायचे, अल्बमला लावायचे. रिख्टहोफेन, इम्मेलमान, ब्योल्के, सगळे त्यात आहेत. ही कार्ड्स भरपूर निघाली त्यामुळे आजही मिळतात, मी स्वतः साध्या झांके कार्डला पंधरा-वीसपासून चाळीस युरोपर्यंत दिलेत. पण त्यावर वैमानिकाची खरी सही असेल तर भाव एकदम कुठच्या कुठे जातो. आणि ओस्वाल्ड ब्योल्के तर २८ ऑक्टोबर १९१६ ला आपल्याच स्क्वाड्रनच्या विमानाशी टक्कर होऊन गेला, वय फक्त २५. सह्या करायला त्याला वेळच किती मिळाला. इथेच ठगाचं गणित आहे, खरं कार्ड वीस युरोला घ्यायचं, त्यावर सही ठोकायची आणि वीसपट भावाने विकायचं.

तर गेल्या नोव्हेंबरमध्ये एका ऑनलाइन जाहिरातीत मला ब्योल्केचं झांके कार्ड दिसलं, सही आणि खाली कुणाला तरी लिहिलेल्या दोन ओळी, तारखेसकट. विकणाऱ्याने सांगितलं की आजीचं घर रिकामं करतोय, पणजोबा देसाऊचे, त्यांच्या पेटीत निघालं. आता ब्योल्के लहानपणापासून देसाऊलाच वाढलेला, त्याची कबरही तिथेच आहे, त्यामुळे मला ती गोष्ट अगदी बरोब्बर बसली. आज कळतं की देसाऊ हे नाव त्याला कुठल्याही पुस्तकात मिळालं असतं. पेटीचा फोटो नाही, पणजोबांचं एकही पत्र नाही, त्याच घरातलं दुसरं एखादं कार्ड नाही. मी मागितलंही नाही.

किंमत ५५० सांगितली, ४८० ला ठरलं. तो म्हणाला, अजून दोघं बघायला येणार आहेत, आज पैसे आले तर तुलाच देतो, आणि पेपॅलने पाठव पण फ्रेंड्स अँड फॅमिलीमधून, नाहीतर माझी फी कापली जाते. मी पाठवले. त्या पद्धतीने पाठवलेल्या पैशांना बायर प्रोटेक्शन नसतं हे मला माहीत होतं, तरी पाठवले, कारण कार्ड हातचं जाईल ही भीती जास्त मोठी वाटत होती.

कार्ड चार दिवसांनी आलं. मी माझ्या सगळ्या टेस्ट केल्या. भिंगाखाली बघितलं, छपाईचे ठिपके नाहीत, म्हणजे खरा फोटो. अंधारात यूव्ही टॉर्च मारला, कागद निळा-पांढरा चमकला नाही. हल्लीच्या कागदात चमक आणणारी केमिकल्स असतात, ती दुसऱ्या महायुद्धानंतर आली, त्यामुळे नवा कागद त्या उजेडात लगेच ओळखू येतो. तिरपं धरलं तर काळ्या भागावर जुन्या फोटोला येते तशी चांदीसारखी झाक. सगळं पास. दोन आठवडे मी ते कार्ड येईल त्याला दाखवत होतो, बाबांना सांगलीला व्हिडिओ कॉलवर पण दाखवलं. पण मी तपासलं होतं ते कार्ड, सही तपासलीच नव्हती, आणि कार्ड खरंच होतं.

मग डिसेंबरमध्ये कलेक्टर लोकांच्या अदलाबदलीच्या दिवशी ते घेऊन गेलो. तिथे सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ असतात, शाळेपासून वैमानिकांची कार्ड्स जमवतात. त्यांनी भिंग लावायच्या आधीच मला विचारलं, यावर छापलेलं नाव वाचा. मी वाचलं, हाउप्टमान ब्योल्के, हाउप्टमान म्हणजे कॅप्टन. आता ही शाईतली तारीख वाचा. कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीतलं अक्षर मला नीट लागत नाही, त्यांनीच वाचून दाखवलं, ३ मार्च १९१६. मग म्हणाले, तो हाउप्टमान झाला मे १९१६ मध्ये.

म्हणजे ज्या हुद्द्याचं कार्ड मार्चमध्ये छापलेलंच असू शकत नाही, त्यावर मार्चमध्ये सही. तिथे मी बसूनच राहिलो. नंतर त्यांनी भिंगातून दुसरी गोष्ट दाखवली. कार्डाच्या कोपऱ्यात जुनी घडी पडून फोटोचा थर फुटलाय, आणि सहीची शेवटची रेघ त्या घडीवरून जाते. शाई त्या भेगेत उतरून कडेला पसरलीय. आधी सही आणि मग घडी असती तर रेघ तिथे तुटली असती. हे घरी मलाही दिसलं असतं, माझ्याकडे तेच भिंग आहे.

घरी येऊन जाहिरातीचा स्क्रीनशॉट परत वाचला. टायटलमध्ये मोठ्या अक्षरात सही असलेलं, आणि खाली शेवटच्या ओळीत, घरच्यांच्या सांगण्यानुसार सही. त्याखाली प्रायव्हेट विक्री, गॅरंटी नाही, परत घेणार नाही. जाणूनबुजून फसवलं असेल तर इथल्या कायद्यात असं लिहून सुटका होत नाही, पण त्याला माहीत होतं हे सिद्ध मला करायचंय, आणि तो म्हणू शकतो की आजीने सांगितलं तेच मी सांगितलं. माझ्या मेसेजना उत्तर आलं नाही, मग अकाउंटच गायब. पोलिसात ऑनलाइन तक्रार दिलीय, फाइल नंबर मिळालाय.

त्या गृहस्थांनी अजून एक सांगितलं ते इथे टाकतो कारण हे साध्या सैनिकांच्या फोटोंतही चालतं. स्टुडिओत काढलेला कुणा अनोळखी शिपायाचा फोटो घ्यायचा आणि मागे पेन्सिलने प्रसिद्ध रेजिमेंटचं किंवा माणसाचं नाव लिहायचं. तेव्हा मागचं वाचायच्या आधी पुढे बघा, खांद्याच्या पट्टीवरचा किंवा हेल्मेटच्या कापडी कव्हरवरचा नंबर दिसतो का, तो मागच्या नावाशी जुळतो का, फेल्डपोस्टचा, म्हणजे लष्करी टपालाचा, शिक्का असेल तर त्याची तारीख आणि लिहिलेली तारीख एकमेकांना धरून आहे का. आणि सहीचं कार्ड असेल तर हुद्दा, पदक, तारीख हे तिन्ही शेजारी लिहून काढा. ब्योल्के आणि इम्मेलमानला पूर ल मेरीत, म्हणजे प्रशियाचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं १२ जानेवारी १९१६ ला, रिख्टहोफेनला जानेवारी १९१७ मध्ये, गळ्यात ते पदक असलेल्या फोटोवर त्याआधीची तारीख दिसली की तिथेच थांबा. हे शोधायला दहा मिनिटं लागतात.

पैशाचं दुःख आहेच, पण मला जास्त लागलं ते कार्डाचं. शंभर वर्षं कुणीतरी सांभाळलेलं चांगलं झांके कार्ड होतं, ते त्या शाईने कायमचं खराब केलं. पुसायला गेलो तर फोटोचा थर निघेल. मी विचारलं आता याची किंमत किती, ते म्हणाले, पाच युरो, आणि विकू नका.

विकणार नाहीच. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलने लिहून ठेवलंय, सही खोटी, आणि खाली तारीख. माझ्यानंतर हा अल्बम ज्याच्या हातात जाईल त्याला कुणी हेच कार्ड परत खरं म्हणून विकू नये.