अकरा महिने निव्वळ सोलरवर: पॅनल चोख, इन्व्हर्टर खादाड

आमच्या घराला बाहेरून विजेची तार नाही. दोन माणसं, फ्रिज, दोन पंखे, दिवे, लॅपटॉप, वॉशिंग मशीन आणि पाण्याची अर्ध्या एचपीची मोटर, सगळं छपरावरच्या सोलरवर. ४०० वॅटचे चार पॅनल, ५१.२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर. गीझर आणि शेगडी आधीच वगळली होती. उष्णतेची कामं एवढ्याशा सिस्टिमला झेपत नाहीत.

पहिल्या महिन्यात हिशेब काही केल्या जुळेना. फ्रिज आणि दोन पंखे धरून रात्री जेवढी वीज जायला हवी, त्यापेक्षा सकाळी बॅटरी बरीच खाली दिसायची. आधी फ्रिजवर संशय, मग बॅटरीवर. शेवटी एका रात्री घरातले सगळे एमसीबी पाडले आणि नुसता इन्व्हर्टर चालू ठेवला. आठ तासांत बॅटरी नऊ टक्के उतरली! बॅटरी ५.१२ युनिटची, म्हणजे हा गडी काहीही न चालवता साधारण ५५ वॅट खात होता. दिवसाला १.३ युनिट. आमचा फ्रिज एक युनिटात भागवतो. माहितीपत्रक पुन्हा काढलं, तर 'नो लोड'चा आकडा शेवटून दुसऱ्या ओळीत बारीक अक्षरात होताच. 'पुढे लागेल' म्हणून मोठा घेतला, त्याची ही शिक्षा. लोड कमी असला की इन्व्हर्टर झोपवणारा पॉवर सेव्ह मोड लावून पाहिला, पण त्यात राउटर सारखा बंद-चालू व्हायचा. सातव्या महिन्यात ३ किलोवॅटचा, रिकामा असताना २५ वॅट घेणारा लावला. मोटर आणि वॉशिंग मशीन एकदम चालवायचं नाही, एवढंच पथ्य.

पॅनलबद्दल तक्रार नाही, फक्त १६०० वॅट कधी दिसतील ही आशा सोडा. तो आकडा पॅनलचं तापमान २५ अंश सेल्सिअस असतानाचा. भर दुपारी काच ६० अंशांच्या पुढे तापते आणि तापमान वाढेल तसं उत्पादन दर अंशामागे साधारण ०.३५ टक्क्याने घटतं. मला दुपारी १३०० च्या आसपास मिळतात. सगळ्यात जास्त आकडा दिसला तो पाऊस थांबून ऊन पडल्यावर, थंड पॅनलवर.

एक प्रसंग मात्र अंगावर आला. पाचव्या महिन्यात बॅटरीजवळ जळकट वास येऊ लागला. हात लावला तर एका केबलचं टोक चटका बसेल इतकं गरम, वरचं प्लास्टिक तपकिरी झालेलं. बसवणाऱ्याने लग, म्हणजे केबलच्या टोकाची धातूची टोपी, नीट क्रिम्प केलाच (दाबून घट्ट बसवलाच) नव्हता. तेव्हापासून महिन्यातून एकदा, लोड चालू असताना, प्रत्येक जोडाजवळ हात नेऊन गरम लागतो का पाहतो. नट आवळायचे ते मात्र सगळं बंद करूनच.

सलग ढगाळ दिवस हीच खरी परीक्षा. दाट ढगांत दिवसभरात जेमतेम दीड युनिट येतं. तिसऱ्या दिवशी वॉशिंग मशीन बंद, चौथ्या दिवशी छोटा जनरेटर. असं अकरा महिन्यांत सहा वेळा झालं. बरेच जण दुसरी बॅटरी घे म्हणतात, पण ढगांत ती भरणार कशाने? मी आणखी दोन पॅनल चढवतोय. पॅनलची वीज बॅटरीत भरणाऱ्या चार्ज कंट्रोलरला तेवढे झेपतात, आणि छपरावर पूर्वेकडे टाकीची सावली पडत नाही अशी जागा आहे.