मूल कोणाच्या घरी वाढावे? नातलग, प्रतिपालक कुटुंब की बालगृह

आई-वडील दोघेही गेले, किंवा आई एकटी उरली आणि तिला ऊसतोडीला जाण्यावाचून गत्यंतर नाही, अशा घरात दिवसकार्य आटोपताच मुलांचा प्रश्न समोर येतो. महाराष्ट्रात त्यासाठी तीन वाटा आहेत: आजी-आजोबा, मामा किंवा काकांकडे मूल ठेवून सरकारी अनुदान घेणे, बालकल्याण समितीमार्फत (निराधार मुलांबाबत निर्णय घेणारी सरकारी समिती) त्याला प्रतिपालक कुटुंबात, म्हणजे दत्तक न घेता काही काळ मूल सांभाळणाऱ्या कुटुंबात, देणे, किंवा बालगृहात ठेवणे.

पहिली वाट बहुतेकांना सोयीची वाटते आणि माझ्या मते बहुतेक वेळा तीच योग्यही असते, कारण मुलाची शाळा, बोली, सवंगडी यांतले फारसे काही तुटत नाही. राज्याच्या बालसंगोपन योजनेतून २०२३ पासून दरमहा २२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधील प्रायोजकत्वाची, म्हणजे मूल घरीच वाढावे म्हणून दिल्या जाणाऱ्या मदतीची, रक्कम दरमहा ४००० रुपये आहे, मात्र त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपयांच्या आत असावे लागते. या पैशांवर घर चालत नाही आणि हप्ता वेळेवर येईलच असे धरून चालू नये; सांभाळणाऱ्याची स्वतःची मिळकत आधी पाहावी.

नात्यातल्या घराबाबत आणखी एक गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे जमीन. मृत वडिलांच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून मुलांची नावे लागली आहेत का, आणि त्यापुढे ‘अ.पा.क.’ म्हणून, म्हणजे अज्ञान (अठरा वर्षांखालील) मुलाचा पालनकर्ता म्हणून, कोणाचे नाव आहे, हे पाहून घ्यावे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ प्रमाणे नैसर्गिक पालकालाही न्यायालयाच्या परवानगीविना अज्ञानाची जमीन विकता येत नाही; नुसत्या सांभाळणाऱ्या काका-मामाला तर ती विकण्याचा अधिकारच नाही. मुलांसाठी भांडणाऱ्या नातलगांपैकी कोणाला मुले हवी आहेत आणि कोणाला बांध, हे गावाला सहसा ठाऊक असते. ते विचारण्यात संकोच करू नये.

प्रतिपालकत्वाचा पाया वेगळा आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ नुसार समिती कुटुंबाची निवड करते, दरमहा पाहणी करते, भावंडांना शक्यतो एकत्र ठेवते आणि मुलाच्या हिताला बाधा नसेल तर जन्मदात्यांना भेटूही देते. त्यामुळे आई आजारी आहे किंवा वडील तुरुंगात आहेत आणि घरी परतण्याची शक्यता आहे, अशा मुलासाठी ही वाट सर्वांत रास्त ठरते. येथेही दरमहा ४००० रुपयांची तरतूद आहे. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी ३५ ते ६० वर्षांच्या अविवाहित, विधवा, विधुर आणि घटस्फोटित व्यक्तींनाही मूल सांभाळण्याची मुभा दिली, परंतु एकट्या पुरुषाकडे फक्त मुलगाच सोपवला जातो.

प्रतिपालक होऊ पाहणाऱ्यांनी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: दोन वर्षे आपल्या पंगतीला बसलेले मूल समितीने परत घरी पाठवले, तर ते आपल्याला सोसेल का? प्रतिपालकत्वात मुलाचे जन्मदात्यांशी असलेले कायदेशीर नाते तुटत नाही आणि प्रतिपालकांकडून त्याला वारसाहक्कही मिळत नाही. ज्यांना हे नको आहे, त्यांनी थेट दत्तकाकडे वळावे. दोन वर्षांनंतर, मूल दत्तकासाठी कायद्याने मुक्त असल्यास (म्हणजे समितीने तसे जाहीर केले असल्यास), तेच कुटुंब त्याला दत्तक घेऊ शकते. परंतु त्या आशेवर ही वाट धरू नये. तसेच अनाथ किंवा सोडून दिलेले मूल रुग्णालयातून अथवा ओळखीतून स्टॅम्प पेपरवर ‘घेणे’ हा गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

बालगृहाबद्दल थोडक्यात सांगायचे तर, कायदाच त्याला शेवटचा पर्याय मानतो. नात्यात मारहाण, व्यसन किंवा मुलीच्या लग्नाची घाई असेल, तर मात्र काही काळ बालगृह हाच सुरक्षित निवारा असतो.

कोणतीही वाट घ्यायची असली तरी सुरुवात जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयातून होते. पालकांचे मृत्यूचे दाखले, मुलाचा जन्मदाखला, आधार आणि शाळेचा बोनाफाईड सोबत न्यावा. तेथे जाणे शक्य नसल्यास १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करावा.