१९३६च्या मॉरिसला मायनरचं इंजिन: जुने पार्ट घेताना कुठे गंडवतात

नकली पार्टची भीती सगळ्यांनाच असते, पण प्रीवॉर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाआधीच्या गाड्यांच्या बाबतीत मुंबईत जास्त गंडवलं जातं ते अस्सल मालानेच. माल खराच जुना असतो, खराच विलायती असतो, फक्त तुमच्या गाडीचा नसतो. दादरच्या एका मालकाने १९३६च्या मॉरिस एट सीरिज वनसाठी घेतलेल्या इंजिनाचं नेमकं हेच झालं. त्यात १ लाख ६५ हजार रुपये अडकले.

गाडीच्या मूळ इंजिनाच्या ब्लॉकला, म्हणजे सिलिंडर असलेल्या ओतीव भागाला, तडा गेला होता, म्हणून दुसरं इंजिन शोधणं चालू होतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडकडच्या एका दलालाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले. सोबत नेहमीची टेप: प्रीवॉर आहे, पारशी बाबाच्या गॅरेजमधून निघालंय, कुणी खोललेलं नाही. (पारशी बाबांच्या गॅरेजमधून आजवर जेवढा माल निघालाय, तेवढी गॅरेजं अख्ख्या मुंबईत नसतील.) टोकन ४० हजार यूपीआयने, बाकीचे टेम्पोत माल चढवताना रोख. मोजमापही त्याने आपणहून दिलं: ९१८ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ५७ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९०.

आकडे बरोबर होते, आणि गोम तिथेच होती. १९४८ला आलेल्या, युद्धानंतरच्या पहिल्या मॉरिस मायनरमध्येही ९१८ सीसीचंच साइड-व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेलं) इंजिन होतं, बोअर-स्ट्रोकही तोच. ही मायनर आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सने ‘बेबी हिंदुस्तान’ म्हणून विकली, त्यामुळे तिचं इंजिन भंगारात अजून अधूनमधून सापडतं. युद्धाआधीच्या एटचं मात्र दुर्मीळ. हेड उघडून व्हर्निअरने (बारीक मोजपट्टीने) मोजलं तरी फरक कळत नाही, म्हणून मोजमापाचा भरवसा देणारा दलाल जास्त धोक्याचा.

फरक दुसरीकडे दिसतो. सीरिज वनचं वायरिंग ६ व्होल्टचं, मायनरचं १२चं. आलेल्या इंजिनावरच्या स्टार्टर आणि डायनॅमोचे शिक्के घासून वर काळा रंग मारला होता. रॉकेलच्या फडक्याने पुसल्यावर डायनॅमोवरचा ‘१२’ अर्धा वाचता आला. दुसरी गोष्ट गिअरबॉक्स. सीरिज वनला तीन गिअर, मायनरला चार. इंजिनाची मागची प्लेट गाडीतल्या तीन गिअरच्या बॉक्सला बसेना. तिसरी खूण नंबरच्या पट्टीची. मायनरच्या इंजिनाचा टाइप ‘यूएसएचएम २’, आणि तो नंबरासोबत लिहिलेला असतो. इथे पितळेची नवी कोरी पट्टी होती, अक्षरं लेझरने कोरलेली, सगळी एका खोलीची. जुनी पट्टी हाती ठोकलेली असते; एखादा आकडा तिरका, एखादा जास्त खोल. रिव्हेटच्या डोक्याभोवती रंग तुटलेला आणि खालचा धातू चकाकत असेल तर पट्टी अलीकडे बसवली आहे असं धरून चाला.

आट्यांकडे कुणी बघत नाही, पण सगळ्यात महाग तेच पडतं. मॉरिसने १९२३मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीचा कारखाना घेतला. तिथल्या मशिनवर मेट्रिक आटे पडत, म्हणून मॉरिसच्या इंजिनांचे आटे मेट्रिक राहिले आणि बोल्टची डोकी मात्र व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाच्या) पान्याची. ८ मिलिमीटरच्या बोल्टला पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १ मिलिमीटर. नागदेवी स्ट्रीटवर नुसता ‘आठचा बोल्ट’ मागितलात तर सव्वा मिलिमीटर पिचचा हातात येतो. तो पहिले एक-दोन आटे सहज चढतो, मग आवळतो, आणि मिस्त्री जोर लावतो. या इंजिनाचे मॅनिफोल्डचे (इंजिनाला जोडलेल्या हवा-धुराच्या नळ्यांचे) तीन स्टड, म्हणजे बिनडोक्याचे बोल्ट, असेच चढवलेले होते. भोकातले आटे गेले म्हणून आत एमसील भरून स्टड बसवले होते. हाताने हलवले तर पक्के वाटतात, इंजिन तापलं की गळतात. आट्यांचं अंतर मोजणारं पिच गेज काही फार महाग नसतं. एक स्टड काढून दाखवायला सांगा आणि गेज लावा. ‘स्टड काढला तर तुटेल’ असं उत्तर आलं तर तिथून निघा.

या विकत घेतलेल्या इंजिनाच्या ब्लॉकलाही तडा होताच. साइड-व्हॉल्व्ह इंजिनात व्हॉल्व्हची सीट आणि सिलिंडरची भिंत यांच्यामधला धातू अरुंद असतो, तिथेच तो पडतो. विकणारा वरून ग्रीस किंवा रंग थापतो. त्यावर जुनाच उपाय: भाग घासून साफ करायचा, रॉकेल लावून दहा मिनिटं ठेवायचं, कोरडं पुसायचं आणि खडूची पूड चोळायची. तडा असेल तर पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. वॉटर जॅकेटच्या (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीच्या) आतली चीर याने कळत नाही. त्यासाठी बोअरिंगवाल्याकडे जॅकेट बंद करून हवेचं प्रेशर द्यायचं आणि ब्लॉक पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचे. बाकीचे पैसे या टेस्टनंतर, टेम्पोच्या वेळी नाही.

किरकोळ मालातही हाच खेळ चालतो. चोरबाजारात मटन स्ट्रीटवर पितळी हेडलाइट भरपूर, पण नव्या ओतीवाचे खूप. १९२०च्या दशकाच्या मध्याचा दिवा म्हणून चकचकीत क्रोम दाखवला तर विचारा, तेव्हा तर निकेल चढवायचे; क्रोमची पद्धत त्या दशकाच्या अखेरीला रुळली. जस्ताच्या ओतीव हँडलांना आणि मॅस्कॉटना (बॉनेटवरच्या शोभेच्या मूर्तींना) क्रोम चढवलेलं असेल तर भिंगाने बघा. त्या काळच्या अशुद्ध मिश्रधातूला आतून चिरा पडतात, तो फुगतो, आणि नव्या प्लेटिंगखाली तो भुगा झाकला जातो. स्क्रू आवळला की तुकडा हातात.

कागदाचं गांभीर्य लोकांना फार उशिरा कळतं. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. नव्या नोंदणीची फी २० हजार. तिथे खोट्या पट्टीचं इंजिन दाखवलं तर उत्तर मालकाला द्यावं लागतं, दलालाला नाही. म्हणून ज्या गाडीतून इंजिन निघालं तिच्या आरसीची प्रत आणि इंजिन नंबर लिहिलेलं सहीचं बिल मागा. या सौद्यात दोन्ही नव्हतं. दलालाने ‘नंतर देतो’ म्हटलं, आणि मालकाने पट्टीबद्दल विचारल्यावर त्याचा फोन बंद झाला.

टोकन देताना मेसेजमध्येच लिहा: कुठलं मॉडेल, किती व्होल्ट, किती गिअर, टेस्टमध्ये नापास झालं तर पैसे परत. तोंडी बोलणं पोलिसांपुढे उभं राहत नाही. ऑनलाइन दिलेले पैसे बुडतायत असं दिसलं की लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि व्यवहाराचा यूटीआर (बँकेचा ओळख) नंबर हाताशी ठेवा. रक्कम खात्यात असेपर्यंतच गोठवता येते. या प्रकरणात तक्रार उशिरा झाली, खातं रिकामं निघालं, आणि रोख दिलेल्याचा पुरावाच नाही.

तेच फोटो पुन्हा फिरतायत, या वेळी मॉरिस एट सीरिज टू म्हणून. हिरवट रंगाचा ब्लॉक, मागे निळी ताडपत्री, आणि डायनॅमोवर ताजा काळा रंग.