उशुआयाचा उडणारा पेंग्विन

उशुआयाला पेंग्विन आहेत, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर भलताच गैरसमज व्हायचा. बोटीने जाऊन ते बघता येतात, हेही खरं. आम्हाला विकलेली सहल मात्र पेंग्विनच्या जवळपासही फिरकत नव्हती, आणि ज्याने विकली त्याला ते पक्कं ठाऊक होतं. हल्ली डिसेंबर ते फेब्रुवारीत ब्यूनोस आयरिसहून निघून केप हॉर्नला वळसा घालून चिलीला जाणाऱ्या क्रूझवर आपली मंडळी बरीच दिसतात. आमच्या जहाजावर ठाण्याचा एक अख्खा ग्रुप होता. पुढच्या हंगामात जे निघाले असतील त्यांच्यासाठी हे जरा तपशिलात लिहितोय.

आधी गाव समजून घ्या, कारण फसवणूक त्या गावाच्या रचनेवरच उभी आहे. उशुआया म्हणजे अर्जेंटिनाच्या तिएरा देल फुएगो प्रांताची राजधानी, बीगल सामुद्रधुनीच्या काठावर, जवळपास ५५ अंश दक्षिणेला. १८८४ साली वसलेलं. पुढे इथे कैद्यांचा तुरुंग होता, तो १९४७ मध्ये बंद झाला आणि आता तिथे संग्रहालय आहे. ‘जगाचं शेवटचं टोक’ ही पाटी टोपीपासून चॉकलेटपर्यंत सगळ्यावर. (समोरच्या किनाऱ्यावर, आणखी दक्षिणेला चिलीचं पुएर्तो विल्यम्स आहे, पण ते उशुआयात कुणी फारसं बोलत नाही.) क्रूझचा धक्का थेट गावाच्या पोटात. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की माइपू रस्ता, थोडा चढ चढला की दुकानांचा सान मार्तीन रस्ता. त्यामुळे जहाजातली सगळी माणसं एकाच फाटकातून, साधारण एकाच वेळी बाहेर पडतात. प्रत्येकाच्या मनात पेंग्विन असतो. आणि जहाज कधी आलं, कधी सुटणार, हे गावातल्या पोराटोरांनाही माहीत असतं.

आम्ही चौघं होतो: दादा, वहिनी, माझी बायको आणि मी. पेंग्विनची सहल आम्ही जहाजाकडूनच घेतली होती. आदल्या रात्री वारा इतका सुटला की सकाळी लागणारं जहाज अकराच्या सुमारास धक्क्याला आलं. संध्याकाळी साडेसहाला सगळ्यांनी परत चढायचं होतं. नाश्त्याच्या वेळीच घोषणा झाली, वेळ पुरत नाही म्हणून पेंग्विनची सहल रद्द, पैसे खात्यात परत जमा. वहिनींचा चेहरा पडला. नातवाला पेंग्विनचा व्हिडिओ पाठवायचं कबूल करून आल्या होत्या.

फाटकाबाहेर तो उभा होता. नारिंगी जाकीट, गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी, हातात प्लॅस्टिकमध्ये मढवलेले फोटो: पर्यटकांच्या पायांशी घोळका करून उभे असलेले पेंग्विन. आम्हाला बघून “इंडिया? नमस्ते!” झालं. मग त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: “जहाजावर परत कितीला चढायचंय?” हा प्रश्न लक्षात ठेवा. त्या वेळी वाटलं, भला माणूस, आपली वेळ सांभाळतोय. प्रत्यक्षात तो माप घेत होता. साडेसहा म्हटल्यावर लगेच उत्तर आलं, “उत्तम, आमची छोटी बोट वेगवान, साडेचारला तुम्ही इथे परत.” जहाजाची सहल रद्द झाल्याचं आम्ही सांगायच्या आधी त्याला कळलेलं होतं. आज फाटकातून रद्द सहलीवाले नाराज लोक बाहेर पडणार, त्यांच्याकडे परत मिळालेले पैसे आहेत आणि ते उद्या इथे नसतील, एवढं त्याला पुरेसं होतं.

माणशी एकशेवीस डॉलर. चौघांचे चारशे ऐंशी. “सगळं धरून,” असं तीनदा म्हणाला. कार्ड चालेल का विचारलं, तर मशीनला नेटवर्क नाही. दादाने पुण्यातून रीतसर घेतलेल्या शंभराच्या पाच नोटा काढल्या. वारा जोरात होता, म्हणून तो आडोशाला वळून एकेक नोट उजेडात धरून बघू लागला. एक नोट त्याने मान हलवत परत केली. म्हणे ही जुनी, छोट्या चेहऱ्याची, इथे चालत नाही, दुसरी द्या. अर्जेंटिनात हे ऐकायला खरं वाटतं, कारण फ्रँकलिनचा लहान चेहरा असलेल्या जुन्या नोटांना रस्त्यावरचे दलाल खरोखरच कमी भाव देतात. अमेरिकेने त्या कधी बाद केलेल्या नाहीत, पण बाजार आपल्या मनाने चालतो. दादाने नोट न बघता पाकिटात सारली आणि दुसरी दिली. वीस डॉलर परत येणं होते, ते पेसोत आले आणि तेही त्याच्या मर्जीच्या भावाने.

मग तो स्वतः आमच्यासोबत पर्यटन धक्क्यापर्यंत आला, कुठल्याशा खिडकीतून चार तिकिटं आणून हातात ठेवली आणि गेला. बोट खरी होती, कंपनी खरी होती, तिकीटही खरं होतं. खोटं होतं ते फक्त फोटोंवरून सांगितलेलं. बोटीत चढण्याआधी बंदराचं शुल्क वेगळं भरावं लागलं (सगळं धरून!), आणि तिथे कार्ड मजेत चाललं.

बोट सुटली. पहिलं बेट समुद्रसिंहांचं. वास असा की बायकोने शाल नाकाला लावली ती शेवटपर्यंत काढली नाही. दुसरं बेट जवळ आलं आणि बोटीवर एकच गलका झाला. खडकावर ओळीने उभे, काळी पाठ, पांढरं पोट, शेकड्यांनी. “पेंग्विन! पेंग्विन!” सगळे एका कुशीला धावले. ठाण्याचे दोघं-तिघंही त्यात होते, वेगळ्या दलालाकडून आलेले. मीही फोन काढला. वहिनी मात्र कठड्याला धरून गप्प उभ्या. त्यांचं माहेर भायखळ्याचं आणि राणीच्या बागेत पेंग्विन आल्यापासून नातवाला घेऊन त्या तिथे इतक्यांदा गेल्यात की तिथला पहारेकरी त्यांना ओळखत असावा.

“भावजी, पेंग्विनची मान एवढी लांब कुठे असते?” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, वहिनी, इथली जात वेगळी असेल. तेवढ्यात त्या ओळीतल्या एकाने पंख पसरले, खडकावरून उडी टाकली आणि आमच्या डोक्यावरून समोर निघून गेला.

“उडाला की हो पेंग्विन!”

दादा एवढा हसला की त्याला खोकला लागला. माइकवरून गाइड मुलगी आधी स्पॅनिशमध्ये आणि मग इंग्रजीत हेच सांगत होती की हे इम्पीरियल कॉर्मोरंट. म्हणजे आपला पाणकावळा, त्याचा दक्षिणेतला गोरा भाऊबंद. दादाची निम्मी नोकरी सोलापूर भागात गेली. तो म्हणाला, उजनीवर हे फुकट बघितलेत. त्या गाइड मुलीने बोटीवर कुणालाही फसवलं नाही हे मुद्दाम नोंदवतो. आम्ही फोटोंची गोष्ट सांगितली तेव्हा तिला नवल वाटलं नाही, एवढंच.

मग तिनेच नकाशा काढून समजावलं. पेंग्विनची वसाहत आहे मार्तिलो बेटावर, गावापासून बरंच पूर्वेला, हारबर्टन नावाच्या जुन्या मेंढपाळ वाडीसमोर. (तिथले लोक ‘मार्तिशो’ म्हणतात, विचारताना उपयोगी पडेल.) रस्त्याने हारबर्टन सुमारे ८५ किलोमीटर, शेवटचा पट्टा खडीचा, वर पुढे छोटी बोट. गावातून मोठ्या बोटीने जायचं तर जाऊन-येऊन पाच-सहा तास सहज जातात. त्यातही बऱ्याच बोटी किनाऱ्याला टेकून थांबतात, तुम्ही डेकवरून बघायचं. बेटावर उतरून पेंग्विनमध्ये चालायची परवानगी अगदी मर्यादित, तीही छोट्या गटांना आणि आधी नोंदवलेल्यांना. आमची सहल अडीच-तीन तासांची: समुद्रसिंह, पक्षी, दीपगृह आणि परत. उशुआयाच्या धक्क्यावरून सर्वात जास्त निघणारी सहल हीच. निसर्ग म्हणून उत्तम आहे, योग्य दरात आणि खरं नाव सांगून विकली असती तर मी तिची स्तुतीच केली असती. खिडकीवरचा दर परत आल्यावर बघितला, आम्ही जवळपास दुप्पट मोजले होते.

लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं ते दीपगृहही असंच. लेझ एक्लेरेर हे त्याचं नाव, १९२० सालचं. दलालाने ते ‘जगाच्या टोकाचं दीपगृह’ म्हणून सांगितलं होतं. ते नाव ज्याचं, ते सान हुआन दे साल्वामेंतो, १८८४ चं, दूर पूर्वेला इस्ला दे लोस एस्तादोस बेटावर. पण या खोट्यात सगळं गाव सामील आहे, त्यामुळे ते मी दलालाच्या खात्यात मांडत नाही.

नोटेचं प्रकरण रात्री उघडकीला आलं. जहाजाच्या काउंटरवर दादाने एक शंभराची नोट पुढे केली, तिथल्या मुलाने नोटेवरून बोट फिरवलं आणि नम्रपणे ती परत दिली. दादाच्या सगळ्या नोटा नव्या, २०१३ पासून चलनात आलेल्या, मधोमध निळी पट्टी असलेल्या. ही बिनपट्टीची, जुन्या घाटाची, कागद गुळगुळीत. म्हणजे दुपारी आडोशाला वळून त्याने दादाची चांगली नोट ठेवून घेतली आणि ही परत केली. वर ती नाकारल्याचा आव आणून आणखी एक घेतली. लक्षात घ्या, नोट नाकारणारा माणूस चोर आहे असं आपल्या मनातही येत नाही. देणाराच ओशाळतो. भारतात परत आल्यावर एका नातेवाइकांनी “एवढे शिकलेले तुम्ही आणि...” सुरू केलं, त्यांना मी हेच सांगितलं. बोचऱ्या वाऱ्यात, परक्या भाषेत, घड्याळाकडे बघत उभं राहून नोटेचा कागद तपासून दाखवा.

तक्रारीचं म्हणाल, तर धक्क्याजवळच्या पर्यटन कार्यालयातल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, लिहूनही घेतलं. पण रोख दिलेले पैसे, हाताने लिहिलेली पावती, नाव खरं की खोटं माहीत नाही आणि तासाभरात आमचं जहाज सुटणार. कार्डाने दिले असते तर निदान बँकेकडे दाद मागायला कागद असता. त्याला नेटवर्क का नव्हतं ते आता वेगळं सांगायला नको. त्याच कार्यालयात सकाळी अकराला गेलो असतो तर त्याच बाईंनी दोन मिनिटांत सांगितलं असतं की साडेसहाच्या आत मार्तिलो जमत नाही. मुळात जहाजाने वेळेअभावी सहल रद्द केली, तर बाहेरच्या कुणाकडे जास्त वेळ कुठून येणार? जहाज आपल्या सहलीसाठी थांबतं, बाहेरून घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर थांबत नाही. म्हणजे ज्याच्याकडे सवलत आहे तो नाही म्हणतोय आणि ज्याच्याकडे नाही तो हो म्हणतोय.

पैशांचं आणखी थोडं. अर्जेंटिनात $ ही खूण पेसोची असते. डॉलर असेल तर US$ किंवा U$S लिहितात, तेव्हा पाटी नीट वाचा. ‘डॉलरला रस्त्यावर जास्त भाव’ हे पूर्वी खरं होतं, पण एप्रिल २०२५ मध्ये सामान्य माणसांवरचे चलननिर्बंध उठले आणि सरकारी भाव व रस्त्यावरचा भाव जवळ आले. आता कुणी फार चांगला भाव देऊ करत असेल तर त्याला त्यात दुसरं काहीतरी मिळणार असतं. गावापासून बाराएक किलोमीटरवरच्या राष्ट्रीय उद्यानाची सहल विकतानाही ‘सगळं धरून’ म्हणतात. उद्यानाचं प्रवेशशुल्क परदेशी माणसाला वेगळं पडतं, कैद्यांच्या रेल्वेचं (तुरुंगाची जुनी गाडी, आता पर्यटकांसाठी चालते) तिकीट वेगळं. दोन्ही धरलेत का, ते स्पष्ट विचारा.

आणि तिकिटावर मार्तिलो हे नाव किंवा ‘पिंग्विनेरा’ (पेंग्विनची वसाहत) हा शब्द नसेल, नुसतं लोबोस आणि पाहारोस असेल, तर ते समुद्रसिंह आणि पक्षी. पैसे देण्याआधी तिकीट मागून वाचा, नंतर नाही.

क्रूझचा दुसरा नेहमीचा थांबा मॅजेलन सामुद्रधुनीवरचं पुंता अरेनास. तिथून माग्दालेना बेटावर पेंग्विन बघायला जातात, अर्धा दिवस तरी मोडतो. वारा वाढला की तिथलं नौदल बंदरच बंद करतं आणि मग कुठलीच बोट सुटत नाही, मोठी नाही की छोटी ‘वेगवान’ नाही. तसं झालं तर पैसे परत कसे आणि किती दिवसांत मिळणार, हे तिकिटावर छापलेलं दाखवा म्हणायचं. जो दाखवत नाही त्याच्यापुढून सरळ पुढे चालायचं.