‘मोटर जळाली’ म्हणून गळ्यात मारलेली हलकी बॅटरी: चार्जिंग पंप दुरुस्तीला देण्याआधी हे वाचा

श्रावणात कपाशी पाते-फुलांवर असते, पानांच्या मागे मावा-तुडतुडे दिसायला लागतात, पाऊस दोन दिवस उघडीप देतो आणि नेमका तेव्हाच पाठीवरचा चार्जिंग पंप बंद पडतो. खान्देशात या फसवणुकीचा हंगाम हाच. फवारणी थांबवता येत नाही, दुसरा पंप घरात नसतो, त्यामुळे समोरचा मागेल ते पैसे देऊन माणूस मोकळा होतो.

चोपडा तालुक्यातल्या एका कापूस उत्पादकाचे प्रकरण या प्रकाराचा चांगला नमुना आहे. पंप १६ लिटरचा, दोन हंगाम वापरलेला, बॅटरी मूळचीच, १२ व्होल्ट ८ अँपिअरची. रात्रभर चार्ज करूनही तिसऱ्या टाकीला फवारा मंदावला, चौथ्या टाकीला मोटर गप्प. बाजारपेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याने पंप आतल्या खोलीत नेला आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन सांगितले, ‘आण्णा, मोटर जयी गयी, बॅटरीबी गयी. आते दोन्ही नव्या टाकन्या पडतीन.’ मोटरचे ७५० आणि ‘लिथियम, १२ अँपिअर’ बॅटरीचे १८०० रुपये झाले. जुनाच चार्जर चालेल असेही सांगितले. बिल नाही, आणि जुनी मोटर व जुनी बॅटरी दुकानातच राहिली.

नवी बॅटरी पहिल्या दिवशी पाच टाक्या चालली, नंतर तीन. पंधरवड्याच्या आत ती चार्जिंगला लावलेली असताना फुगली. वरचे निळे प्लास्टिक काढले तेव्हा आत फक्त सहा शेल निघाले: चार हिरवे, दोन गुलाबी, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणचे. दोन शेलांच्या टोकांवर जुन्या वेल्डिंगच्या पट्ट्यांचे तुटलेले तुकडे तसेच होते, म्हणजे ते आधी दुसऱ्या कुठल्या पॅकमधून, बहुधा लॅपटॉपच्या बॅटरीतून, उपटून काढलेले. संरक्षणाचे सर्किट, ज्याला बीएमएस म्हणतात, ते नव्हतेच. खोक्यातली उरलेली जागा थर्माकोलने भरलेली.

यात फसवणूक एक नाही, तीन आहेत: चांगली मोटर जळाली म्हणून काढून घेणे, खोट्या क्षमतेची बॅटरी विकणे आणि तिच्यासाठी चुकीचा चार्जर चालेल असे सांगणे. पहिल्या दोन्हींत पैसे जातात. तिसऱ्यात घर जाऊ शकते.

आधी मोटरचे बघू. या पंपातली मोटर १२ व्होल्ट डीसीची असते आणि ती डायफ्राम, म्हणजे पाणी ढकलणारा रबरी पडदा, हलवते. बॅटरी कमजोर झाली म्हणून ती जळत नाही, फक्त हळू फिरते. ती जळते अडकल्यावर. भुकटीचे औषध नीट न विरघळवता ओतले, गाळणी फाटलेली असली किंवा फवारणीनंतर टाकी धुतली नाही, की व्हॉल्व्हवर थर बसतो, डायफ्राम जाम होतो, मोटर फिरायचा प्रयत्न करते पण फिरत नाही. त्या अवस्थेत तिच्यातून नेहमीच्या कितीतरी पट करंट जातो आणि वाइंडिंग, म्हणजे मोटरच्या आतले तारेचे वेटोळे, तापून जळते. पंप बराच वेळ कोरडा चालवला तरी आतल्या भागांची झीज होते. अशी खरोखर जळालेली मोटर नाकाला कळते, कारण वार्निश करपल्याचा वास दोन-चार दिवस जात नाही. वास नसेल आणि दुकानदार ‘जळाली’ म्हणत असेल, तर ती तुमच्यासमोर तपासायला सांगा.

तपासणी अवघड नाही. एक साधा मल्टिमीटर आणि मोटरसायकलची १२ व्होल्टची बॅटरी एवढे पुरते. हातमोजे घाला, टाकी साध्या पाण्याने दोनदा धुऊन घ्या आणि थोडे स्वच्छ पाणी भरा. सगळ्यात आधी फ्यूज बघा. त्यानंतर बॅटरीची टोके बघा. औषधाची गळती झालेली असेल तर तिथे हिरवा-पांढरा क्षार धरतो आणि करंट पुढे जातच नाही. पॉलिश पेपरने घासून पुन्हा लावा. पंप बंद असताना पूर्ण चार्ज झालेल्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर १२.७ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. पण हा आकडा एकट्याने काही सांगत नाही. मेलेली बॅटरीसुद्धा पंप बंद असताना १२.५ दाखवू शकते, आणि दुकानदार तुम्हाला तोच आकडा दाखवतो. मीटर लावलेलाच ठेवून पंप सुरू करा आणि ट्रिगर दाबा. व्होल्टेज १२ च्या आसपास टिकले तर बॅटरीत जीव आहे. ते धाडकन १० च्या खाली आले तर दोष बॅटरीचा, मोटरचा नाही.

बॅटरी टिकली आणि मोटर तरीही फिरली नाही, तर पंपाच्या डोक्यावरच्या प्रेशर स्विचकडे वळा. ट्रिगर सोडल्यावर दाब वाढतो आणि हा स्विच मोटर बंद करतो. याच्या आत औषध झिरपले की संपर्कबिंदू गंजतात आणि तो मोटरकडे करंट जाऊच देत नाही. त्याच्या दोन्ही वायरी काढून क्षणभर एकमेकींना जोडा. मोटर फिरली तर बिघाड स्विचचा, आणि तो भाग मोटरच्या तुलनेत अगदी स्वस्त आहे. तरीही नाही फिरली तर ऑन-ऑफ स्विच आणि रेग्युलेटर दोन्ही बाजूला ठेवून, मोटरसायकलच्या बॅटरीवरून ५ अँपिअरच्या फ्यूजमधून थेट मोटरला करंट द्या, लाल वायर लालला. नुसती गुणगुणते पण फिरत नाही अशी मोटर बहुतेक वेळा जाम असते. डोक्याचे स्क्रू काढून व्हॉल्व्ह आणि डायफ्राम कोमट पाण्यात धुतले की ती सुरू होते. अजिबात आवाज नाही आणि मीटरवर दोन वायरींमध्ये सर्किट तुटलेले दिसते, तेव्हा कार्बन ब्रश संपलेले असतात किंवा वाइंडिंग तुटलेले असते. मोटर बदलायची ती या अवस्थेत.

चोपड्याच्या प्रकरणात मूळ दोष कुठला होता हे लक्षणांवरूनच दिसते. पहिल्या दोन टाक्या ठीक, मग फवारा मंदावत जाणे, म्हणजे बॅटरी संपली होती. मोटर चांगली होती आणि ती दुकानात राहिली. अशी काढून घेतलेली मोटर पुसून पुढच्या गिऱ्हाइकाला ‘नवी’ म्हणून लावली जाते. म्हणून पंप देण्याआधी मोटरवर आणि बॅटरीवर खिळ्याने एक बारीक खूण करा, मोबाइलवर फोटो काढा आणि बदललेला प्रत्येक भाग परत मागा. जुना भाग द्यायला जो कां-कूं करतो त्याच्याकडे काम देऊ नका.

आता बॅटरी. इथे फसवणूक पकडायला सगळ्यात उपयोगी साधन म्हणजे तराजू, आणि तो प्रत्येक किराणा दुकानात आहे. १२ व्होल्ट ८ अँपिअरची खरी लेड-अ‍ॅसिड बॅटरी साधारण सव्वादोन ते अडीच किलो भरते. दोन किलोच्या आत असेल तर आत शिसे कमी आहे, स्टिकर काहीही म्हणो.

लिथियमचा हिशेब वेगळा, पण तोही वजनानेच सुटतो. बाजारातल्या पॅकमध्ये बहुतेक करून १८ मिलिमीटर जाडीचे, ६५ मिलिमीटर लांबीचे गोल शेल असतात. एक शेल सुमारे ३.७ व्होल्टचा, वजन ४५ ग्रॅमच्या आसपास, क्षमता साधारण २ ते २.६ अँपिअर-तास (बाजारात बॅटरीचे ‘अँपिअर’ म्हणतात ते हेच), उत्तम प्रतीच्या महाग शेलची साडेतीनपर्यंत. काही शेलांवर ‘९९००’ असा मिलिअँपिअरचा आकडा छापलेला असतो. या मापाच्या शेलमध्ये तेवढी क्षमता बसतच नाही, तो छापील आकडा हीच फसवणुकीची खूण. १२ व्होल्टच्या पंपासाठी असे तीन शेल एकापुढे एक जोडावे लागतात. प्रत्येक शेल अडीचचा धरला, तर १२ अँपिअर-तासांसाठी अशा पाच ओळी, म्हणजे १५ शेल लागतात आणि पॅक पावणेसातशे ग्रॅमच्या घरात जातो. सहा शेलांच्या पॅकमध्ये शेल नवेकोरे असते तरी ५ अँपिअर-तास मिळाले असते, आणि शेलांचे वजन पावणेतीनशे ग्रॅमच भरते. हातात घेताच पोकळ वाटणारी बॅटरी ‘लिथियम हलकीच असते’ म्हणून विकली जाते. हलकी असते हे खरे आहे, पण तिच्या हलकेपणालाही हिशेब असतो.

लिथियमचाच दुसरा प्रकार म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. त्याचे जाड शेल ३.२ व्होल्टचे आणि ६ अँपिअर-तासांचे येतात, एक शेल सुमारे १४० ग्रॅमचा. असे चार शेल एकापुढे एक आणि १२ अँपिअर-तासांना अशा दोन ओळी, म्हणजे आठ शेल लागतात, म्हणजे पॅक अकराशे ग्रॅमच्या पुढे. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत पंप पडून राहणाऱ्या आपल्या भागात, जिथे जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांना टेकतो, लिथियमच घ्यायची तर हा प्रकार घ्यावा. तो उष्णता जास्त सोसतो आणि सहजासहजी पेट घेत नाही.

वजनाने समाधान झाले नाही तर बल्ब लावून बघा. मोटारीच्या ब्रेकलाइटचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट खातो. बॅटरी पूर्ण चार्ज करून बल्ब लावा आणि घड्याळ बघा. चांगली ८ अँपिअरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी साडेतीन-चार तास बल्ब नीट जाळते. खरी १२ अँपिअरची लिथियम साडेसहा तासांच्या पुढे जायला हवी. दीड तासात बल्ब मंदावला तर बॅटरीत अडीच अँपिअर-तासच आहेत. लेड-अ‍ॅसिडला १०.५ व्होल्टच्या आणि एका ओळीत तीन शेल असलेल्या लिथियमला ९ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नका. बल्ब मंद दिसला की लगेच काढा, नाहीतर तपासणीतच बॅटरी बाद होईल.

चार्जिंगला लागणारा वेळही बोलतो. रिकामी झालेली ८ अँपिअरची बॅटरी पंपाच्या १.७ अँपिअरच्या चार्जरवर पाच-सहा तास घेते. तासाभरात हिरवा दिवा लागला तर ती भरली नाही, तिच्यात भरायला जागाच उरलेली नाही. दिवाळीनंतर पंप कोपऱ्यात जातो तो थेट जूनमध्ये निघतो. तेवढ्यात प्लेटांवर सल्फेट जमते. महिन्या-दीड महिन्यातून एकदा चार्ज केली तर हा खर्चच टळतो.

तिसऱ्या मुद्द्याकडे सगळ्यांनी नीट लक्ष द्यावे. लेड-अ‍ॅसिडचा चार्जर साधारण १४.४ व्होल्टपर्यंत चढतो. ओळीत तीन शेलांचा लिथियम पॅक, ओळी कितीही असोत, १२.६ व्होल्टलाच पूर्ण भरतो, म्हणजे शेलमागे ४.२ व्होल्ट, आणि ती मर्यादा ओलांडायची नसते. जुना चार्जर लावला की प्रत्येक शेलवर ४.८ व्होल्ट येतात. शेल फुगतो, वायू सोडतो, आणि पेट घेतला तर पाण्याच्या एका बादलीने विझत नाही. बीएमएस असेल तर ते करंट तोडते, पण स्वस्त पॅकमध्ये ते नसते किंवा नावापुरते असते. म्हणून तीन शेलांच्या पॅकला १२.६ व्होल्ट लिहिलेलाच चार्जर हवा, आणि आयर्न फॉस्फेटच्या, ओळीत चार शेलांच्या पॅकला १४.६ व्होल्टचा. चार्जर कुठला, असे विचारल्यावर ‘कुठलाही चालतो’ हे उत्तर आले तर तिथून बॅटरी घेऊ नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घरात, ओट्यावर, झोपायच्या खोलीतसुद्धा कापूस रचलेला असतो आणि त्याच खोलीतल्या बोर्डावर पंप चार्जिंगला लागतो. असे कधीही करू नका. चार्जिंग उघड्यावर, फरशीवर, जागे असताना.

या फसवणुकीचा एक तोटा हिशेबात कुणी धरत नाही. बॅटरी बसू लागली की दाब उतरतो, नोझलमधून धुके न येता थेंब पडतात. मोठा थेंब पानावरून घरंगळतो आणि पानाच्या खालच्या बाजूला, जिथे मावा-तुडतुडे बसलेले असतात, पोहोचत नाही. औषध वाया गेले, कीड राहिली, मग ‘औषधच बनावट होते’ असे म्हणून दुसरी फवारणी होते. रावेर-यावलकडे केळीच्या करप्यावर फवारतानाही हेच घडते, तिथे तर पाने उंच. फवारा मंद वाटताच थांबा, तेवढ्याच औषधात ढकलत राहू नका.

खरेदी करताना पक्के बिल घ्या आणि त्यावर बॅटरीचा प्रकार, व्होल्ट, अँपिअर-तास आणि हमीचा काळ लिहून घ्या. नुसते ‘बॅटरी १ नग’ लिहिलेले बिल तक्रारीत फारसे उपयोगी पडत नाही. फसवणूक झाली तर आधी दुकानदाराला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते; ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची असते. ऑनलाइन पैसे घेऊन माल पाठवलाच नाही असा प्रकार असेल तर लगेच, त्याच दिवशी, सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० वर फोन करा; पैसे पुढे सरकण्याआधी थांबवायची शक्यता तेवढ्यात असते.

फुगलेली बॅटरी आत्ता घरात असेल तर ती पंपातून काढा आणि पुन्हा चार्ज करू नका. सुरीने फोडू नका, टोचू नका. दोन्ही टोकांवर वेगवेगळी चिकटपट्टी लावा आणि पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून तीत ठेवा. डबा गोठा, चारा आणि कापूस यांच्यापासून लांब, उघड्यावर पण पावसात न भिजेल असा असू द्या. तक्रार करायची असेल तर स्टिकरचे आणि वजन-काट्यावरचे फोटो आधी काढून घ्या, मग ती ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नका, तिथे ती दाबली जाते.