रांग परवडेल की बिल? जर्मनी आणि अमेरिका यांत निवड करणाऱ्यांसाठी

एका हातात श्टुटगार्टची ऑफर, दुसऱ्या हातात न्यू जर्सीची, अशी पुण्यातली जोडपी मला वर्षाला दोन-तीन तरी भेटतात. एक्सेल शीट तयार असते: पगार, कर, भाडं, बचत. त्यात एक रकाना बहुधा रिकामा असतो, नाहीतर तिथे नुसतं ‘इन्शुरन्स: कंपनी देते’ असं लिहिलेलं असतं. मी न्यू जर्सीत सहा वर्षं काढली आणि आता आठ वर्षं श्टुटगार्टजवळ राहते. दोन्हीकडे आजारी पडून झालंय, तेव्हा त्या रकान्याबद्दल बोलायचा थोडा अधिकार आहे.

युरोप असं सरसकट काही नसतं, हे आधीच सांगते. ब्रिटनमधली एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, 1948 पासून करांच्या पैशांवर चालते, पण बाहेरून येणाऱ्याला व्हिसाबरोबर प्रत्येक प्रौढामागे वर्षाला 1,035 पौंडांचा आरोग्य अधिभार आधीच भरावा लागतो. नेदरलँड्समध्ये विमा खासगी कंपनीचा, पण सक्तीचा, आणि वर्षाचे पहिले 385 युरो आपल्या खिशातून. स्वित्झर्लंडमध्ये घरातल्या प्रत्येकाचा हप्ता वेगळा. त्यामुळे खाली ‘युरोप’ म्हणजे जर्मनी, एवढंच धरा.

पगाराची पहिली स्लिप

जर्मनीतली पहिली स्लिप बघून चेहरा पडतो. ब्रुटो, म्हणजे ठरलेला पगार, आणि नेटो, म्हणजे हातात पडणारा, यांच्यात एवढी दरी असते की हिशोबनीसाची चूक झाली असावी असं वाटतं. 2025 च्या दरांनी मांडून बघू. वर्षाला 65,000 युरो पगार, घरात एक मूल. आरोग्य विम्याचा दर 14.6 टक्के, वर प्रत्येक विमा संस्थेचा जादा आकार सरासरी 2.5 टक्के. या संस्थेला इथे क्रांकनकासे म्हणतात, आपली मंडळी नुसतं ‘कासे’ म्हणतात. यातला अर्धा भार तुमचा, अर्धा कंपनीचा. म्हणजे तुमचे महिन्याला साधारण 463 युरो. त्यात पेन्शन, बेकारी विमा आणि म्हातारपणच्या शुश्रूषेचा विमा मिळवला की वर्षाला जवळजवळ 13,600 युरो गेले. आयकर अजून सुरूही झालेला नाही.

त्या 463 मध्ये तुम्ही, नोकरी नसलेला जोडीदार आणि मुलं, सगळे येतात. मूल एक असो की तीन, आरोग्याचा हप्ता तोच. औषधामागे 5 ते 10 युरो भरायचे, मुलांना तेही माफ. इस्पितळात राहावं लागलं तर दिवसाला 10 युरो, तेसुद्धा वर्षात जास्तीत जास्त 28 दिवसांचे. बाकी कार्ड दाखवायचं आणि घरी यायचं. दातांचा डॉक्टर सोडला तर आठ वर्षांत माझ्या हातात कुणी बिल ठेवलेलं नाही.

अमेरिकेची स्लिप गोड दिसते. सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (सरकारी आरोग्य विमा) मिळून 7.65 टक्के, त्यातलं मेडिकेअर मुख्यतः पासष्टी ओलांडलेल्यांसाठी. तुमच्या आजारपणाची सोय कंपनीचा विमा करणार. 2025 मध्ये कंपनीमार्फत घेतलेल्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता 26,993 डॉलर होता. कर्मचाऱ्याच्या पगारातून त्यातले सरासरी 6,850 कापले गेले, उरलेले कंपनीने भरले. कंपनीचा वाटा पगारात दिसत नाही म्हणून तो फुकट वाटतो. माझ्या मते तो तुमचाच पगार आहे, दुसऱ्या वाटेने वळवलेला.

खरी गंमत हप्त्यानंतर सुरू होते. आधी डिडक्टिबल, म्हणजे विमा कंपनी हात लावायच्या आधी आपण भरायची रक्कम. मग को-पे, म्हणजे दर भेटीला ठरलेली रक्कम, मग टक्केवारीतला वाटा, आणि डॉक्टर नेटवर्कमधला, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेला, आहे की नाही याची चौकशी. ओबामांच्या 2010 च्या कायद्याने खिशातून जाणाऱ्या पैशांना कमाल मर्यादा घातली. 2025 साली ती कुटुंबासाठी 18,400 डॉलर होती, अर्थात नेटवर्कमधल्या उपचारांपुरती. पगारातून कापला जाणारा सरासरी हप्ता आणि ही मर्यादा यांची बेरीज केली तर वाईट वर्ष 25,000 डॉलरच्या पुढे जातं. चांगल्या कंपन्यांच्या योजनांत मर्यादा बरीच खाली असते, म्हणून ‘अमेरिकेत विमा कसा आहे’ हा प्रश्नच चुकीचा. तुमच्या कंपनीचा कसा आहे, ते विचारा.

माझ्या मुलाने झोपाळ्यावरून पडून हात मोडून घेतला तेव्हा एका संध्याकाळची तीन पाकिटं आली: इस्पितळाचं वेगळं, डॉक्टरचं वेगळं, एक्स-रे वाचणाऱ्याचं वेगळं. त्याआधी विमा कंपनीचं एक पत्र आलं होतं, त्यावर आकडे छापून खाली ‘हे बिल नाही’ असा खुलासा. फोन करकरून दोन महिन्यांनी त्यातला एक आकडा कमी झाला. प्लास्टर तोवर निघालं होतं.

मग जर्मनीत सगळं आलबेल? छे. इथे त्रासाचं नाव टर्मिन, म्हणजे डॉक्टरच्या भेटीची तारीख. आधी हाउसआर्ट्स्ट, म्हणजे आपला नेहमीचा डॉक्टर, शोधायचा. अनेक दवाखाने ‘नवे रुग्ण घेत नाही’ म्हणून परत पाठवतात. मग त्याची चिठ्ठी घेऊन त्वचेच्या किंवा हाडांच्या डॉक्टरकडे तारीख मागायची. मला एकदा नोव्हेंबरात फोन केल्यावर मार्चमधली तारीख मिळाली, आणि पलीकडची बाई ती उपकार केल्यासारखी सांगत होती. 116117 या नंबरवरून तातडीची तारीख मिळवायची सोय आहे, पण हे नवख्याला कुणी सांगत नाही. न्यू जर्सीत तसाच डॉक्टर मला पाचव्या दिवशी भेटला होता. साध्या तापाला जर्मन डॉक्टर चहा आणि विश्रांती लिहून देतो, यावर आपल्याकडच्या लोकांचे किती विनोद आहेत म्हणून सांगू.

दोन्हीकडची माणसं असा विचार का करतात

जर्मनीत हा विमा 1883 साली बिस्मार्कने आणला, आणि तो काही गोरगरिबांच्या कळवळ्याने नाही. कामगार समाजवाद्यांच्या मागे जात होते, त्यांना सरकारशी बांधून ठेवायचं होतं. पण एकशे चाळीस वर्षांत त्याचा संस्कार झाला. धडधाकट माणसाने आजाऱ्याचं भरायचं, कमावत्याने न कमावत्याचं. याला ते सोलिडारिटेट म्हणतात, आणि हा शब्द भाषणापुरता नसतो, तो विम्याच्या कायद्यात आहे. जर्मन माणूस तक्रारखोर. हप्ता वाढला, टर्मिन मिळत नाही, बेकार भत्त्यावर लोक आरामात बसतात, हे सगळं तो रोज बोलतो. कासे बंद करा, असं मात्र मी एकाच्याही तोंडून ऐकलेलं नाही.

अमेरिकेत रूझवेल्टने 1935 मध्ये सोशल सिक्युरिटी आणली तेव्हा आरोग्य विमा बाजूला ठेवला गेला. दुसऱ्या महायुद्धात सरकारने पगारवाढ गोठवली, पण विम्यासारख्या सवलतींना मोकळीक दिली. माणसं मिळवण्यासाठी कंपन्या विमा देऊ लागल्या, पुढे त्यावर करसवलतही पक्की झाली, आणि युद्धातली तात्पुरती सोय कायमची झाली. म्हणून आजही तिथे आरोग्य नोकरीला लटकलेलं आहे. 1965 मध्ये जॉन्सन यांनी मेडिकेअर आणि मेडिकेड आणलं, तेही म्हाताऱ्यांपुरतं आणि गरिबांपुरतं.

प्यू या अमेरिकन सर्वेक्षण संस्थेने 2011 मध्ये दोन्हीकडे एकच प्रश्न विचारला होता: सरकारने मध्ये न येता माणसाला आपलं आयुष्य घडवू देणं जास्त महत्त्वाचं, की कुणीही गरजू राहू नये याची सरकारने हमी घेणं? अमेरिकेत 58 टक्के लोकांनी पहिलं निवडलं, जर्मनीत 62 टक्क्यांनी दुसरं. यश आपल्या हाताबाहेरच्या गोष्टींवर ठरतं, हे जर्मनीत 72 टक्के लोकांना पटलं, अमेरिकेत 36 टक्क्यांना. माझ्या मते सगळी मेख या दुसऱ्या आकड्यात आहे. आजारपण हे नशीब मानलं तर वर्गणी सगळ्यांची. आपली जबाबदारी मानलं तर बिल ज्याचं त्याचं.

यावरून अमेरिकन माणूस निर्दय असतो असं समजू नका. माझ्या सहकाऱ्याच्या बायकोला कॅन्सर झाला तेव्हा अख्ख्या गल्लीने मील ट्रेन लावून दोन महिने त्या घरी डबे पोचवले, आणि ऑफिसातल्या लोकांनी आपल्या रजेतले दिवस त्याला दिले. मी हे इथे जर्मन शेजारणीला कौतुकाने सांगितलं. ती गोंधळली. ‘रजा दान कशाला करायची? आजारी माणसाला ती असतेच ना?’ डबे मात्र तिने तरी कुणाला पोचवल्याचं मला आठवत नाही.

बाळंतपण आणि नोकरी जाणं

मूल होऊ द्यायचा विचार असेल तर दोन देशांतला फरक सगळ्यात ठळक दिसतो. जर्मनीत प्रसूतीआधी 6 आठवडे आणि नंतर 8 आठवडे पूर्ण पगारी रजा. पुढे आईबाबा दोघांनाही प्रत्येकी 3 वर्षांपर्यंत नोकरी राखून ठेवून रजा घेता येते, आणि दोघांनी वाटून घेतली तर 14 महिने निव्वळ पगाराच्या साधारण 65 टक्के भत्ता, महिन्याला कमाल 1,800 युरो. जास्त पगारवाल्यांना ही कमाल टोचते, आणि एका उत्पन्नमर्यादेपलीकडे भत्ता मिळतच नाही, तेवढं तपासा. शिवाय हेबामे, म्हणजे सुईण, घरी येऊन बाळ-बाळंतीण बघून जाते, कासेच्या खर्चाने. तिने माझ्या सासूबाईंनी घातलेली टाळूवरच्या तेलाची पट्टी नाक मुरडून काढली, तो वेगळा किस्सा.

अमेरिकेत 1993 चा केंद्रीय कायदा 12 आठवडे रजा देतो, बिनपगारी, आणि तीही कंपनीत किमान 50 माणसं असतील आणि तुम्हाला तिथे वर्ष झालं असेल तर. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यूयॉर्कसारख्या काही राज्यांनी पगारी रजेची सोय केलीय, मोठ्या टेक कंपन्या स्वतःहून बरीच देतात. म्हणजे पुन्हा तेच, राज्य कोणतं आणि कंपनी कोणती. आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला खोलीबाहेर येऊ देत नाहीत, आणि तिथे सव्वा महिन्याची आई लॅपटॉप उघडून बसलेली मी पाहिलीय.

आजारपणाच्या रजेचंही तसंच. जर्मनीत नोकरीचे पहिले 4 आठवडे झाले की एका आजाराला 6 आठवडे कंपनी पूर्ण पगार देते, मग कासे ब्रुटोच्या 70 टक्क्यांपर्यंत. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने पगारी आजाररजा नाही.

नोकरी गेली तर अमेरिकेत एच-1बी या कामाच्या व्हिसावाल्याला देशात राहायला 60 दिवस असतात, आणि विमा बहुधा त्याच महिन्याअखेरीस संपतो. कोब्रा नावाच्या कायद्याखाली तोच विमा 18 महिन्यांपर्यंत चालू ठेवता येतो, पण कंपनीचा वाटाही आता आपणच भरायचा. वरचा 26,993 चा आकडा तेव्हा पहिल्यांदा नीट दिसतो. जर्मनीत व्हिसाची टांगती तलवार आहेच, पण 2 वर्षं हप्ते भरले असतील तर 12 महिने बेकार भत्ता मिळू शकतो, मूल असेल तर निव्वळ पगाराच्या 67 टक्के, आणि त्या काळात विमा सुटत नाही.

जर्मनीतला एक सापळा मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. पगार एका मर्यादेच्या (2025 मध्ये ती 73,800 युरो होती) वर असेल तर सरकारी चौकटीतली कासे सोडून खासगी विमा घेता येतो. तिशीतल्या एकट्या माणसाला तो स्वस्त पडतो, टर्मिन झटकन मिळतं, आणि एजंट गोड बोलतो. पुढे लग्न, मुलं: प्रत्येकाचा हप्ता वेगळा. वय वाढेल तसा हप्ता चढतो, आणि पंचावन्नच्या पुढे परतीची वाट जवळपास बंद. जर्मनीत अमेरिका हवी असेल तर ती इथे मिळते. माझ्या ओळखीतल्या तिघांना पस्तावताना पाहिलंय.

आईवडील

हा प्रश्न शेवटी विचारला जातो आणि पहिला विचारायला हवा. भेटीला यायचं तर अमेरिका साधारण 6 महिने राहू देते, जर्मनीत 180 दिवसांत 90 दिवस. अमेरिकेत त्यांच्यासाठी घेतलेल्या प्रवासी विम्यात जुनी दुखणी बहुधा बाहेर असतात. बाबांना मधुमेह असेल तर बारीक अक्षरं वाचा. कायमचं आणायचं म्हणाल तर अमेरिकेत तुम्ही स्वतः नागरिक झाल्यावरच, आणि आपल्याकडच्यांची ग्रीन कार्डची रांग तर माहीतच आहे. जर्मनीने मार्च 2024 पासून परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आईवडील आणायची वाट उघडलीय. पण त्यांचा आरोग्य विमा दाखवावा लागतो, आणि सत्तरीतल्या माणसाला कासे सहसा घेत नाही, खासगीवाला घेतलाच तर हप्ता ऐकून धाप लागते.

दोघंही कमावते, तब्येत ठणठणीत, मूल इतक्यात नको, ऑफर मोठ्या कंपनीची, आणि चार-पाच वर्षांत गाठीला पैसा बांधायचा असेल तर मी अमेरिकाच म्हणेन. एकट्याच्या पगारावर घर, मूल हवंय, किंवा घरात कुणाला थायरॉइडपेक्षा मोठं काही जन्माचं दुखणं आहे, तर कमी नेटो मुकाट्याने घ्या आणि इकडे या.

परत यायचंच असेल तर आणखी एक ओळ शीटमध्ये घाला. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचं पेन्शन मिळायला 40 क्रेडिट, म्हणजे साधारण 10 वर्षांचं काम लागतं, आणि भारत-अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा करार नाही. सहाव्या वर्षी पुण्याला परतलात तर सोशल सिक्युरिटीपोटी पगारातून कापलेले 6.2 टक्के तिथेच राहिले. जर्मनीत हक्क 5 वर्षांत लागतो, आणि भारताशी करार मे 2017 पासून लागू आहे. माझे स्वतःचे सहा वर्षांचे डॉलर तिकडेच आहेत.